सालामांकाचं मागचं दार

सालामांकाला जायची कल्पना माझी. बायकोची नाही, मुलाची तर नाहीच नाही. हे आधीच सांगून मोकळा होतो, कारण आमच्या घरात काही बिघडलं की ते मुळात कुणाच्या डोक्यातून निघालं यावर तासभर वाद होतो, आणि या वेळी वादाला जागाच नाही.

मी अडुसष्ट वर्षांचा. मूळ सांगलीचा. मास्टर्स करायला अमेरिकेत आलो, पुढे पीएचडीला नाव घातलं, दोन वर्षांनी चांगली नोकरी मिळाली म्हणून ते सोडलं, आणि फ्रीमाँटमध्ये घर घेऊन इथलाच झालो. सगळी उमेद चिप डिझाइन करण्यात गेली, आता रिटायर्ड आहे. आम्हाला एकच मुलगा, एकतीस वर्षांचा. तो मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात मटेरियल सायन्समध्ये पीएचडी करत होता. निदान आठ वर्षं मी लोकांना तसं सांगत होतो.

लोकांना म्हणजे मुख्यतः आमच्या अध्यक्षांना. हे गृहस्थ नागपूरचे, दोन गल्ल्या सोडून राहतात. आमच्या मराठी मंडळाचे ते कधीकाळी अध्यक्ष होते, आता नाहीत, पण सगळे अजून तसंच म्हणतात आणि तेही ओ देतात. रोज सकाळी आम्ही दोघं तळ्याभोवती चालतो. त्यांचा मुलगा डॉक्टर, सून डॉक्टर, मुलगी अल्फारेटाला, तिचा नवरा डॉक्टर. तीन मैलांच्या फेरीत हे मला रोज निदान एकदा ऐकावं लागायचं. मग मीही ठेवून द्यायचो, "आमचाही आता डॉक्टरच होतोय, खराखुरा. औषधं देणारा नव्हे." ते हसायचे. मला भारी समाधान वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात मी फोनवर मुलाला विचारलं, "अरे, कुठवर आलंय?" तो म्हणाला, "ऑलमोस्ट देअर, बाबा." बस्स, एवढंच. या एवढ्याशा वाक्यावर मी अख्खा मांडव घातला. डिफेन्स म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा, तेवढी राहिलीय, दिवाळीच्या आत उरकेल, असं मी स्वतःच ठरवलं आणि अध्यक्षांना सांगितलं. त्यांनी कार्यकारिणीला सांगितलं.

आमच्या मंडळात गणपतीच्या कार्यक्रमात यशस्वी मुलांचा सत्कार करायची पद्धत आहे. कुणी मेडिकलला लागलं, कुणी स्पेलिंगच्या स्पर्धेत राज्यात आलं, तर स्टेजवर बोलवायचं, शाल, श्रीफळ, आईवडिलांसकट फोटो. मुलं बिचारी ओशाळवाणी उभी असतात आणि आईबाप फुलून येतात. दर वर्षी दुसऱ्यांच्या मुलांसाठी टाळ्या वाजवून माझे हात दुखले होते. अध्यक्ष म्हणाले, "पुढच्या वर्षीपर्यंत कशाला थांबता? उरलीय ती फॉर्मॅलिटीच ना?" मी म्हटलं, फॉर्मॅलिटीच. बायको म्हणाली, "अहो, होऊ दे की आधी. घाई कसली?" मी तिलाच झापलं. गुडघ्याला बाशिंग बांधून बसलो होतो मी.

मुलाला सांगितलं, गणपतीला ये, खूप दिवसांत आला नाहीस. सत्काराचं मुद्दामच बोललो नाही, सरप्राइज म्हणून. तो आला. बारीक झाला होता. मी म्हटलं, थीसिस लिहिताना सगळेच होतात. हायस्कूलच्या त्या हॉलमध्ये अध्यक्षांनी माइकवर त्याचं नाव घेतलं, आणि नावाच्या आधी 'डॉक्टर' लावलं. तो खुर्चीतून उठेचना. मला वाटलं, लाजतोय. मी हाताला धरून त्याला स्टेजवर नेलं. त्याचा हात गार होता, हे मला अगदी नीट आठवतं, कारण मी तेव्हा मनात म्हटलं होतं की एसी फार लावलाय या लोकांनी. त्याने शाल घेतली, नारळ घेतला, दोन्ही हात जोडले. साडेतीनशे माणसं टाळ्या वाजवत होती. घरी मी फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावला.

दुसऱ्या दिवशी बायकोने त्याला एअरपोर्टवर सोडलं. परत आली ती तोंड पाडूनच. डोकं दुखतंय म्हणाली.

स्पेनचं मी त्याआधीच ठरवलं होतं. कधीतरी एका व्हिडिओत बघितलं की सालामांका म्हणून गाव आहे, तिथं आठशे वर्षांचं जुनं विद्यापीठ आहे, आणि तिथं जो डॉक्टरेट मिळवायचा त्याचं नाव भिंतीवर लाल रंगात लिहायचे. पूर्वी म्हणे बैलाच्या रक्तात. शेकडो वर्षांची नावं अजून तशीच आहेत. ते बघून मी अक्षरशः खुर्चीत सरळ बसलो. म्हटलं, पोराला बक्षीस द्यायचं तर हेच. आपण तिघांनी तिथं जायचं. एअरपोर्टवरून आल्यावर आठवडाभर बायको म्हणत होती, नको जाऊया, माझे गुडघे दुखतायत. मी म्हटलं, "तिकिटं काढलीत. गुडघे तिथंही दुखतील."

ऑक्टोबरमध्ये आम्ही सॅन फ्रान्सिस्कोहून आणि तो शिकागोहून, असे माद्रिदला भेटलो. तिथून ट्रेनने दीड-पावणेदोन तास. बाहेर नुसता सपाट, करपलेला मुलूख. बायकोने डबा काढला, सांगलीचं भडंग केलं होतं तिने. मुलगा खिडकीला डोकं टेकून बसला होता. मी त्याला स्पेनचा इतिहास सांगत होतो, म्हणजे मोबाइलवरून वाचून दाखवत होतो.

गाव खरंच सुंदर आहे हो. खोटं कशाला बोलू? सगळ्या इमारती एकाच जातीच्या पिवळसर दगडाच्या, आणि संध्याकाळचं ऊन पडलं की तो दगड पिकल्या आंब्याच्या रंगाचा होतो. मनोऱ्यांवर करकोच्यांची मोठमोठी घरटी. मधला चौक एवढा मोठा की तिथं आमचा अख्खा गणेशोत्सव मावेल, आणि रात्रंदिवस तरुण पोरं जमिनीवर फतकल मारून बसलेली. खाण्याच्या दुकानांत डुकराच्या अख्ख्या तंगड्या टांगलेल्या. बायको पदर नाकाला लावल्यासारखा स्कार्फ लावून पुढे व्हायची आणि आम्ही बटाट्याचं ऑम्लेट खायचो, सकाळी तेच, दुपारी तेच.

आणि नावं! जिथं बघावं तिथं नावं. विद्यापीठाच्या भिंतींवर, चर्चच्या भिंतींवर, गल्लीबोळात. काळपट लाल अक्षरं, प्रत्येकाबरोबर एक गुंतागुंतीची खूण. मी एकेक नाव मोठ्याने वाचत चाललो होतो. "हा बघ, हा कायद्याचा. हा वैद्यकीचा. अरे, हे बघ, अगदी अलीकडचा!" मुलगा मागून दहा पावलं अंतर ठेवून येत होता. बायको त्याच्याबरोबर. मी मागे वळून ओरडलो, "अरे, फोटो काढ की!" त्याने काढले. नंतर मी बघितले, सगळ्यांमध्ये नुसता मी पाठमोरा.

विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवर दगडात इतकी बारीक नक्षी आहे की मान मोडते बघून. त्यात कुठंतरी एका कवटीवर बसलेला बेडूक आहे. ज्याला तो स्वतःहून सापडेल तो परीक्षेत पास, अशी समजूत. पाचपन्नास माणसं माना वर करून उभी. मी म्हटलं, "शोध रे." तो म्हणाला, "यू लुक, बाबा. मला नको." मला तिडीक गेली. "नको काय नको? एवढ्या लांब आलो ते काय ऑम्लेट खायला?" शेवटी एका जपानी बाईंनी बोट दाखवल्यावर मला बेडूक दिसला. मी मुलाचं डोकं धरून तिकडे वळवलं. एकतीस वर्षांच्या माणसाचं डोकं. त्याने वळवू दिलं.

जवळच्या एका बोळात एक बाई छोट्या दगडी फरशांवर त्याच लाल अक्षरांत नावं रंगवून देत होत्या. मी आत शिरलो आणि कागदावर मुलाचं नाव लिहून दिलं, आधी 'डॉक्टर' घालून. त्यांनी मोडक्या इंग्रजीत मुलाला विचारलं, विषय कोणता, वर्ष कोणतं. मीच दोन्ही सांगितलं. त्या उठून त्याच्याशी हात मिळवायला पुढे आल्या. परवा दुपारी तयार होईल म्हणाल्या. बाहेर आलो तर बायको रस्त्याच्या कडेला तोंड फिरवून उभी. मी म्हटलं, "काय झालं आता?" ती म्हणाली, "काही नाही. ऊन लागतंय."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी एक गाइड ठरवली होती. साठीची, शाळामास्तरणीसारखी करड्या आवाजाची बाई. जुन्या कॅथीड्रलच्या आत अंगणाभोवती ओसरी आहे आणि तिच्या कडेला लहान लहान देवघरं. त्यातल्या एकात तिने आम्हाला नेलं. मधोमध कुठल्याशा बिशपचं दगडी थडगं, आणि त्याच्या पायथ्याशी एक जुनी खुर्ची. गाइड म्हणाली की पूर्वी डॉक्टरेटच्या उमेदवाराला परीक्षेच्या आदल्या रात्री इथं कोंडायचे. तो थडग्यावरच्या बिशपच्या पावलांना पाय टेकवून अभ्यास करत रात्र काढायचा.

"अगं बाई, पाय लावून?" बायको म्हणाली. तीन दिवसांत तिने स्वतःहून काढलेला तो पहिला शब्द.

सकाळी प्राध्यापक इथं येऊन सवालजवाब करत. जो पास होई तो मुख्य दारातून बाहेर पडे. बाहेर अख्खं गाव जमलेलं, घंटा, मिरवणूक, बैलांचा खेळ, आणि मग भिंतीवर नाव. मी मान डोलावत होतो. डोळ्यांसमोर मंडळाचा हॉल होता.

"आणि नापास होणारा?" मुलाने विचारलं. इंग्रजीत, पण स्पष्ट आवाजात.

गाइड म्हणाली, त्याला मागच्या दाराने काढत. गाड्या, सामानसुमान आत घ्यायचं ते दार. तिथं पोरंटोरं टपलेली असायची. त्याची हुर्यो व्हायची, अंगावर केरकचरा पडायचा. तसा तो गावाबाहेर जायचा.

"ते दार अजून आहे?"

"आहे की," ती म्हणाली आणि हाताने दिशा दाखवली.

"मला बघायचंय," मुलगा म्हणाला आणि चालायला लागला.

मी वैतागलो. म्हटलं, "अरे, त्याचं आपल्याला काय करायचंय? आपलं काम पुढच्या दाराशी!" आणि मोठ्याने हसलो. गाइडसुद्धा हसली. बायकोने माझा दंड धरला, इतका घट्ट की दुखला.

मी त्याच्या मागे गेलो. ओसरीच्या कोपऱ्यात एक दगडी कट्टा होता, तिथं तो बसला होता. तो दारापर्यंत गेलाच नव्हता. मी समोर उभा राहिलो. तो खाली बघत बोलायला लागला, आणि एका दमात बोलला. डिफेन्स वगैरे काही नाहीये. त्याच्या आदल्या वर्षीच्या मे महिन्यातच त्याने पीएचडी सोडली होती. त्याआधी चार वर्षांचं काम चुकीच्या नमुन्यांवर झालंय असं निघालं होतं, सगळं परत करावं लागणार होतं. तो रोज सकाळी लॅबच्या पार्किंगमध्ये जायचा, गाडीत बसायचा, दार उघडायला हात उचलायचा नाही, आणि दुपारी घरी परत यायचा. असं सात महिने केलं. झोप गेली होती. एकदा तर त्याने गाडी नदीच्या पुलावर नेऊन थांबवली होती. किती वेळ, ते त्याला सांगता येत नव्हतं. आता तो एका किराणा दुकानात पहाटेच्या पाळीत भाजीचा विभाग बघतो. आता बरं आहे. हे सगळं सांगून त्याने वर बघितलं.

आता मी काय म्हणालो ते लिहितो. हे लिहायला मला सहा महिने लागलेत.

मी म्हणालो, "मग आता लोकांना काय सांगायचं?"

पूल त्याने सांगितला होता. मी ऐकला होता. बहिरा नव्हतो मी. पण तोंडातून निघालं ते हे.

तो माझ्याकडे बघतच नव्हता आता. माझ्या मागे त्याची आई येऊन उभी होती. तिच्याकडे बघून तो म्हणाला, "सी? आय टोल्ड यू." आवाजात राग नव्हता. गणिताचं उत्तर पडताळून बरोबर आल्यावर म्हणावं तसं.

मी गर्रकन वळलो. "तुला माहीत होतं?"

"महिना झाला," बायको म्हणाली. "एअरपोर्टला जाताना गाडीत सांगितलं त्याने."

"आणि तू मला सांगितलं नाहीस? मी इथं येड्यासारखा भिंती वाचत हिंडतोय!"

"तुम्हाला सांगायची सोय होती का कधी?"

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. देवळात उभे आहोत, परक्या देशात आहोत, गाइड चार पावलांवर आहे, कशाचं भान राहिलं नाही. मी ओरडलो. आठ वर्षं, म्हणालो. साडेतीनशे माणसांसमोर नारळ घेतलास, म्हणालो. लाज नाही वाटली? आणि शेवटी म्हणालो की आमच्या घरात असं सोडून पळणारं कुणी नव्हतं.

"तुम्ही पण सोडली होती, बाबा," तो म्हणाला.

"मी नोकरीसाठी सोडली!"

"आय नो. तुमचा कुणी सत्कार नव्हता केला. लकी यू."

मग तो उठला आणि आला त्याच वाटेने, मुख्य दाराने, गर्दीत बाहेर गेला. गाइड बिचारी घाबरली होती. बायकोने तिची माफी मागितली.

हॉटेलवर आल्यावर बायको पलंगाच्या कडेला बसली. पायातले बूटही काढले नाहीत. मी येरझाऱ्या घालत होतो, बडबडत होतो. बराच वेळ तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तो यायलाच तयार नव्हता. मीच म्हटलं, ये, तिकडे परक्या गावात आपल्याला कुणी ओळखत नाही, तिथं सांग. तो म्हणाला, बाबा पहिलं वाक्य बोलतील ते लोकांना काय सांगायचं हेच असेल. मी म्हटलं, छे रे, तू ओळखत नाहीस त्यांना. वरून ओरडतात, पण आतून तसे नाहीत. आधी तुला जवळ घेतील बघ. शपथ घातली मी त्याला."

एवढं बोलून ती रडायला लागली. चाळीस वर्षांच्या संसारात मी तिला खूपदा रडवलंय. पण या वेळी जवळ जायची माझी हिंमत झाली नाही.

मुलगा आमच्याच हॉटेलात, वरच्या मजल्यावर होता. मी जिन्याने वर गेलो. दारासमोर उभा राहिलो. आतून टीव्हीचा आवाज येत होता, स्पॅनिशमधल्या कुठल्यातरी बातम्या. दार वाजवून काय म्हणायचं ते सुचेना. सॉरी म्हणायचं? आमच्यात बापाने मुलाला सॉरी म्हणायचं म्हणजे नेमकं कसं, हे मी कधी बघितलेलंच नाही. दहा मिनिटं उभा राहून खाली आलो. बायकोला सांगितलं, झोपलाय.

सकाळी तो पहिल्या ट्रेनने माद्रिदला निघून गेला. आईला भेटून गेला. मी न्हाणीघरात होतो, पाण्याच्या आवाजात कळलं नाही. की कळलं होतं? आता माझं मलाच सांगता येत नाही.

आमचं बुकिंग आणखी दोन दिवसांचं होतं. ते दोन दिवस आम्ही त्या गावात कसे काढले ते देवालाच ठाऊक. कुठंही तोंड लपवायला जागा नाही. चालायला निघावं तर भिंती. खिडकीतून बघावं तर समोर भिंत आणि तिच्यावर नाव. ती माणसं मरून शतकं लोटली, तरी आमच्या छातीवर बसली होती. बायको खोलीतून बाहेर पडेना. मी त्या दुकानाकडे गेलो, काम रद्द करा म्हणून सांगायला. फरशी तयार होती. बाईंनी कापडाने पुसून माझ्यासमोर धरली, अभिनंदन केलं, आणि मुलगा कुठाय म्हणून विचारलं. मी म्हटलं, "बिझी." मग ती फरशी नदीवर नेली. तिथं रोमन काळातला पूल आहे. मी ती पाण्यात टाकली. पाणी उथळ होतं, ती दिसत राहिली, अक्षरं वर करून. मी तिथून पळालो म्हटलं तरी चालेल.

फ्रीमाँटला परत आल्यावर तळ्याभोवतीच्या फेऱ्या सुरू झाल्या. मुलाचा माझ्याशी फोन बंद. आईशी दर रविवारी बोलायचा. ती वरच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. मी खाली बसून तिच्या हसण्याचा आवाज येतोय का ते ऐकायचो. सत्काराचा फोटो तिने भिंतीवरून काढला. त्या जागी कुणी काही लावलं नाही. तिथला रंग वेगळा दिसतो. अध्यक्ष विचारायचे, झाला का डिफेन्स? मी म्हणायचो, झाला, झाला. पेढे कुठायत? देतो, देतो. खोटं बोलायला मला काहीच कष्ट पडत नव्हते याचंच मला नवल वाटायचं. खरं सांगता येईना म्हणून पोरगं पुलावर गाडी नेऊन थांबलं होतं, आणि मी सकाळच्या प्रसन्न हवेत तीन मैलांत तीन थापा मारून घरी येऊन चहा पीत होतो.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी बायको वरून खाली आली. म्हणाली, तुमच्याशी बोलेन म्हणालाय, थोड्या वेळाने करेल. मग समोर बसून मला पढवलं, अगदी बालवाडीतल्या मुलाला पढवावं तसं. काम कसं आहे एवढं विचारा. झोप लागते का विचारा. पुढे काय ठरवलंयस, ते विचारू नका. लोकांचं काढू नका. मी हो हो म्हटलं. घरात बसवेना म्हणून समोर ड्राइव्हवेवर जाऊन उभा राहिलो.

फोन आला. "हाय बाबा," तो म्हणाला.

मी म्हटलं, "कसा आहेस रे?"

आणि तो बोलायला लागला. पहाटे चारला उठतो, भाजी मांडतो, कोथिंबिरीवर पाणी मारतो. म्हणाला, इथल्या लोकांना मेथी कळत नाही, मी मागवायला लावली, आता दोन देशी काकू फक्त तेवढ्यासाठी येतात. मी हसलो. तोही हसला. झोप लागते का म्हणून विचारलं. लागते म्हणाला, गोळ्यांशिवाय. मी म्हटलं, "बरं झालं रे बाबा, फार बरं झालं." हे मात्र बायकोने पढवलेलं नव्हतं. मग तो म्हणाला, मार्चमध्ये एक आठवडा सुट्टी आहे, घरी यावं म्हणतोय. चालेल का?

चालेल का, म्हणे! मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात फुटपाथवरून अध्यक्ष आले, टोपी, स्वेटर, हातात कुत्र्याचा पट्टा. माझा चेहरा बघून लांबूनच ओरडले, "काय साहेब, एवढे खुशीत? कोण, डॉक्टरसाहेबांचा फोन वाटतं?"

आणि मी फोन कानापासून जरा लांब धरून, छाती पुढे काढून, तेवढ्याच मोठ्याने म्हणालो, "हो हो, आमचे डॉक्टरच!"

एक सेकंदही लागला नाही. तोंडात तयारच होतं ते.

मी फोन परत कानाला लावला. पलीकडे तो होता. श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, "अरे, तसं नाही, ते अचानक आले म्हणून..." जन्मभर माझ्याशी अर्धं इंग्रजीत बोलणारा माझा मुलगा अगदी स्वच्छ मराठीत, हळू आवाजात म्हणाला, "असू दे, बाबा. तुम्ही बोला त्यांच्याशी. मी ठेवतो."

त्याने फोन ठेवला. मार्च येऊन गेला. तो आला नाही, आणि आता तो आईलाही फक्त मेसेज करतो.

त्या दिवशी मात्र अध्यक्ष कुत्र्याला आवरत माझ्याजवळ येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मग? काय म्हणतात डॉक्टर?"

मी म्हटलं, "मजेत आहे."